खेळाडूंच्या नावांचा मक्ता

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर लोणार तालुक्यातील बीबी हे गाव लागते. समृद्धी महामार्ग खुला झाल्यापासून दूरच्या पल्ल्याची वाहने तिकडे वळली आणि या रस्त्यावरची वर्दळ काहीशी ओसरली. सोयाबीन घरात आले, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की या भागातील मोकळ्या वावरांत दगडांचे वा काठ्यांचे स्टंप उभे राहतात. ऊन चढले की तीच पोरे लिंबाच्या सावलीत एका मोबाइलभोवती कोंडाळे करून बसतात. खेळ तोच असतो, क्रिकेट. फक्त आता तो बोटांनी खेळायचा असतो. पडद्यावरचा संघ निळ्या पोशाखातला, धावफलकावर 'भारत' लिहिलेले. मात्र फलंदाजाचे नाव ओळखीचे असूनही अनोळखी. एखादे अक्षर गाळलेले, एखादे फिरवलेले, चेहरा तर कोणाचाच नव्हे. पोरांना याचे नवल वाटत नाही. खेळातच नाव बदलण्याची सोय असते. तेथे जाऊन ती अकराच्या अकरा नावे आपल्या हातांनी दुरुस्त करतात आणि मगच नाणेफेक होते.

आपल्याच देशाच्या संघातील खेळाडूंची नावे आपल्याच मुलांना अशी चोरवाटेने का लिहावी लागावीत, हा प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा आहे. थोडे खोलात गेले की त्याचे धागे स्पर्धा कायदा, खेळाडूंचे अधिकार आणि स्वदेशी या तिन्हींपर्यंत जाऊन पोहोचतात.

खेळाडूचे नाव, त्याचा चेहरा, संघाचे बोधचिन्ह, पोशाख, स्पर्धेचे शीर्षक या प्रत्येकावर कोणाचा ना कोणाचा हक्क असतो. व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या कंपनीने मोबदला देऊन त्याचा परवाना घ्यावयाचा असतो. येथवर आक्षेपाला जागा नाही. सचिन तेंडुलकर यांनी दोन तपे घाम गाळून जे नाव मिळवले, त्यावर कोणी फुकटात धंदा करू नये, हे कोणाही न्यायी माणसाला पटेल. २०१७ मध्ये पुण्याच्या जेटसिंथेसिस या कंपनीच्या गटाने 'सचिन सागा क्रिकेट चॅम्पियन्स' हा खेळ आणला, तो तेंडुलकर यांना सोबत घेऊनच. प्रश्न उभा राहतो तो 'परवाना' या शब्दाआधी 'अनन्य' हा शब्द जोडला जातो तेव्हा. अनन्य परवाना म्हणजे, हे नाव मी तुला वापरू देईन आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणालाही वापरू देणार नाही, दुसरा अधिक पैसे घेऊन दारात उभा राहिला तरीही. पहिला भाग विक्रीचा आहे, दुसरा कुलूप लावण्याचा.

कापसाच्या गाड्या आणि एकाधिकार

बीबीच्या परिसरातील वयस्क शेतकऱ्यांना हे कुलूप परके नाही. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती. व्यापाऱ्याच्या काट्यातून आणि कट्टीतून शेतकऱ्याची सुटका व्हावी, हा तिचा हेतू उत्तम होता. भाव कोसळलेल्या वर्षी तिचा आधारही वाटला. परंतु शासकीय खरेदी केंद्राशिवाय कापूस अन्यत्र विकणे कायद्याने निषिद्ध ठरले आणि त्यानंतर जे व्हायचे तेच झाले. केंद्रांबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागल्या, प्रतवारी करणाऱ्याच्या मर्जीला मोल आले, चुकारे रखडू लागले. शेजारच्या राज्यात चार पैसे अधिक मिळत असतील तर आपलाच कापूस रात्रीच्या अंधारात चोरासारखा सीमेपार न्यावा लागे. नव्या शतकाच्या आरंभी खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपला. तेथे घेणारा एकच होता. संगणकीय खेळांच्या बाबतीत विकणारा एकच उरतो, एवढाच फरक. दोन्हीकडे गरज असलेल्या माणसाला दुसरे दार नसते.

या दुसऱ्या प्रकारच्या एकाधिकाराचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलवर (आपल्याकडील फुटबॉलशी त्याचे नाते नावापुरतेच) आधारित 'मॅडन' ही इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे ईए या कंपनीची मालिका दरवर्षी निघे आणि जवळपास पन्नास डॉलरला विकली जाई. २००४ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीने 'ईएसपीएन एनएफएल २के५' हा खेळ अवघ्या १९.९९ डॉलरला बाजारात आणला. तो स्वस्त तर होताच, शिवाय जाणकारांच्या मते गुणवत्तेतही मॅडनच्या तोडीस तोड होता. ईएला मॅडनची किंमत २९.९५ डॉलरपर्यंत खाली आणावी लागली. स्पर्धेची फळे ग्राहकाच्या ओंजळीत पडली ती अशी. परंतु हा आनंद वर्षभरही टिकला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ईएने अमेरिकन फुटबॉलची लीग आणि तिच्या खेळाडूंची संघटना यांच्याशी अनन्य परवान्याचा करार केला. संघांची व खेळाडूंची खरी नावे आता एकाच कंपनीला वापरता येणार होती. प्रतिस्पर्ध्याचा खेळ वाईट ठरला नाही, महाग ठरला नाही, ग्राहकांनीही तो नाकारला नाही. एका कागदावरच्या सह्यांनी तो संपला. पुढच्या हंगामात मॅडनची किंमत पुन्हा पूर्वपदावर गेली.

यावर प्रतिस्पर्धी कंपनीने काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. २००५ च्या जानेवारीत तिने बेसबॉलच्या प्रमुख लीगशी स्वतःचा तशाच वळणाचा करार करून टाकला. ज्याला एका घराबाहेर काढले, त्याने शेजारच्या घराला आपले कुलूप ठोकले. मक्तेदारीविरुद्धचा रोष बहुधा मक्ता दुसऱ्याला मिळाल्याचा असतो, तत्त्वाचा क्वचित.

ग्राहक मात्र स्वस्थ बसले नाहीत. २००८ मध्ये त्यांच्या वतीने ईएविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. काही वर्षांनी तो तडजोडीत मिटला; कंपनीने २ कोटी ७० लाख डॉलर देण्याचे आणि महाविद्यालयीन फुटबॉलचा अनन्य परवाना पाच वर्षे न घेण्याचे मान्य केले. मूळ दुखणे, म्हणजे व्यावसायिक लीगशी झालेला करार, मात्र या तडजोडीबाहेरच राहिला. दरम्यान २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'अमेरिकन नीडल' या खटल्यात एक मूलगामी निर्णय एकमताने दिला. लीगमधील संघांनी एकत्र येऊन टोप्यांचा अनन्य परवाना एकाच कंपनीला दिला होता. आम्ही सारे मिळून एकच संस्था आहोत, तेव्हा आपसात संगनमत कसे होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. मैदानावर आणि बाजारात एकमेकांशी झुंजणारे वेगवेगळे मालक परवाना विकताना अचानक एकजीव कसे होतात, असाच त्या निर्णयाचा रोख होता. आपल्याकडे दहा वेगवेगळ्या मालकांचे दहा संघ असलेली आयपीएल आहे. तिच्याविषयी हा प्रश्न विचारण्याची वेळ कधीतरी येणारच आहे.

युरोपीय फुटबॉलची कथा त्या मानाने विनोदी आहे. तेथे जपानच्या कोनामी कंपनीच्या खेळात अनेक वर्षे नामवंत इंग्लिश क्लब टोपणनावांनी वावरले. मँचेस्टर युनायटेडचे 'मॅन रेड' झाले. पुढे कोनामीने इटलीच्या युव्हेंटस क्लबशी अनन्य करार केला, तेव्हा ईएच्या 'फिफा २०' मध्ये त्याच विख्यात क्लबला 'पिएमॉन्ते काल्चो' हे नाव घेऊन फिरावे लागले. २०२२ मध्ये ईए आणि खुद्द फिफा यांचीच फारकत जाहीर झाली. पुढच्या वर्षी तोच खेळ 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' या नव्या नावाने आला. फिफाचे नाव गेले, तरी खेळ चालूच राहिला. कारण क्लब आणि खेळाडू यांचे परवाने कंपनीने स्वतंत्रपणे घेऊन ठेवले होते. संस्थेच्या शिक्क्यापेक्षा खेळाडूच्या नावात अधिक बळ असते, हे त्यातून दिसले. आपल्या क्रिकेट संस्थांनी यावर विचार करावयास हरकत नाही.

भारताच्या संघाला भारताचीच नावे नाहीत

क्रिकेटमध्ये परिस्थिती उलट्या टोकाची राहिली. २००६ च्या अखेरीस ईएने 'क्रिकेट ०७' आणला. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या अॅशेस मालिकेचा तो खेळ. त्या दोन संघांची नावे खरी, भारतासह इतरांची बनावट. त्याच सुमारास कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीचा खेळ इंग्लंडमध्ये ब्रायन लाराच्या, ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगच्या आणि भारतात युवराज सिंगच्या नावाने विकला गेला. माल एकच, वेष्टनावरचा चेहरा तेवढा बाजार पाहून बदललेला. 'क्रिकेट ०७' नंतर ईएने क्रिकेटकडे पाठ फिरवली. तरीही हा खेळ भारतातल्या तालुक्यातालुक्यांतील सायबर कॅफेंत आणि घरोघरच्या संगणकांवर पुढे कित्येक वर्षे जिवंत राहिला, तो हौशी तरुणांनी स्वतः नावे, पोशाख, बॅटा बदलून तयार केलेल्या जोडण्यांच्या बळावर. कंपनी सोडून गेली आणि गावाने विहीर उपसत ठेवली, असेच म्हणावे लागेल. यातील बहुतेक तबकड्या चोरीच्या होत्या, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ज्या बाजारात पैसे देऊन वस्तू घेण्याची सवय नाही, त्या बाजारासाठी कोणी खर्च करीत नाही, आणि याचा दोष परकीय कंपनीच्या माथी मारता येत नाही.

मोबाइल आला आणि चित्र पालटले. चेन्नईच्या नेक्स्टवेव्ह मल्टिमीडियाने 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' ही मालिका उभी केली. पुढे मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने त्या कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला. नॉटिलस मोबाइलची 'रिअल क्रिकेट' ही मालिका तिच्या बरोबरीने वाढली. बीबीच्या लिंबाखाली खेळले जाणारे खेळ प्रायः हेच. अब्जावधींचे भांडवल असलेल्या ईएने जे क्षेत्र सोडून दिले, त्यात भारतीय अभियंत्यांनी पाय रोवले, आणि दोन देशी मालिका एकमेकींशी स्पर्धा करीत सुधारत गेल्या. एकीने समालोचनात हिंदी आणली की दुसरीला स्वस्थ बसता येत नाही. एकीचे क्षेत्ररक्षण सुधारले की दुसरीचे खेळाडू कुरकुरू लागतात. हे स्पर्धेचे फळ आहे, आणि खरी नावे हाती नसताना मिळालेले आहे.

आता समजा, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने उद्या निविदा काढून भारतीय संघाची नावे, चेहरे व पोशाख एकाच कंपनीला दहा वर्षांसाठी अनन्यपणे देऊन टाकले, तर? मंडळाच्या तिजोरीत मोठी रक्कम पडेल. राहिलेल्या सर्व कंपन्यांचे खेळ मात्र एका दिवसात दुय्यम ठरतील. ज्या कंपनीला मक्ता मिळाला, तिला खेळ सुधारण्याचे कारण उरणार नाही आणि बाराखडीतील प्रत्येक अक्षरासाठी मुलांकडून पैसे मागण्याचा मोह अनावर होईल. मॅडनच्या उदाहरणात हेच घडले.

हे मंडळ असे काही करणारच नाही, असे समजण्यास इतिहास अनुकूल नाही. २००७ मध्ये एस्सेल समूहाने इंडियन क्रिकेट लीग सुरू केली. मंडळाने तीत सामील होणाऱ्या खेळाडूंवर बंदी घातली, विश्वचषक जिंकून देणाऱ्या कपिल देव यांनाही राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर केले. दोन वर्षांत ती लीग आटोपली. पुढे आयपीएलच्या प्रक्षेपण करारात, या स्पर्धेशी टक्कर देईल अशी दुसरी व्यावसायिक देशांतर्गत ट्वेंटी-२० स्पर्धा मंडळ भरवणार नाही व कोणाला मान्यताही देणार नाही, असे कलम आढळले. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये हा वर्चस्वाचा गैरवापर ठरवून मंडळाला ५२ कोटी २४ लाख रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये तो आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवले, आणि आयोगाने २०१७ च्या नोव्हेंबरात फेरसुनावणीनंतर तेवढाच दंड पुन्हा ठोठावला. २००२ चा स्पर्धा अधिनियम क्रिकेटच्या दारातून आत जाऊ शकतो, एवढे त्यातून निश्चित झाले.

न्यायालयांनीही काही महत्त्वाच्या रेषा आखून दिल्या आहेत. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयसीसीच्या एका दाव्यात, प्रसिद्धीचा हक्क माणसाचा असतो, स्पर्धेचा किंवा संस्थेचा नसतो, अशी भूमिका घेतली. आणखी उद्बोधक आहे तो २०२३ च्या एप्रिलमधील आदेश. 'रारिओ' या मंचाने मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग, हर्षल पटेल आदी क्रिकेटपटूंशी अनन्य करार केले होते आणि 'स्ट्रायकर' या प्रतिस्पर्धी मंचाने त्यांची नावे व रेखाचित्रे वापरू नयेत, असा अंतरिम मनाई हुकूम मागितला होता. न्यायालयाने तो नाकारला. खेळाडूचे नाव आणि त्याची आकडेवारी ही सर्वांसमोर असलेली माहिती आहे. तिचा वापर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत येतो. प्रसिद्धीचा हक्क निरंकुश नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. हा आदेश अंतरिम टप्प्यावरचा, एका न्यायाधीशाचा आणि डिजिटल पत्त्यांविषयीचा आहे. हुबेहूब चेहऱ्याचा, त्याच चालीने धावणारा खेळाडू पडद्यावर उभा करणे ही त्यापुढची पायरी झाली. २०१३ मध्ये अमेरिकेतील दोन अपील न्यायालयांनी महाविद्यालयीन खेळाडूंच्या अशा प्रतिमांबाबत ईएविरुद्ध कौल दिला होता. तेव्हा चेहऱ्यासाठी मोबदला द्यावाच लागेल, हे गृहीत धरूनच पुढचा विचार केला पाहिजे.

स्वदेशी मक्तेदारी हा उपाय नव्हे

या टप्प्यावर आपल्या विचारविश्वातील अनेकांना एक सोपा उपाय सुचतो. परकीय कंपनीला मक्ता देऊ नका, भारतीय कंपनीला द्या. ती बलवान होईल, जगाच्या बाजारात उतरेल. हा विचार देशप्रेमातून येतो, म्हणून त्याची चिकित्सा अधिक काळजीपूर्वक करावयास हवी.

नॉटिलस मोबाइलचेच उदाहरण घ्यावे. २०२० मध्ये ही कंपनी पुण्याच्या जेटसिंथेसिसकडे आली. २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने सुमारे ११८ कोटी रुपयांत तिच्यावर नियंत्रण मिळवण्याचा व्यवहार जाहीर केला. क्राफ्टन म्हणजे पबजीची निर्माती. २०२० मध्ये चिनी टेन्सेंटच्या संबंधामुळे भारतात ज्या खेळावर बंदी आली आणि ज्याची भारतीय आवृत्ती पुढच्या वर्षी आली, तीच. या विक्रीत गैर काहीही नाही. ज्याने उद्योग उभारला, त्याला तो योग्य किमतीत विकण्याचा अधिकार आहे आणि कोरिया हा भारताचा मित्रदेश आहे. परंतु कल्पना करावी की, भारतीय संघाच्या नावांचा अनन्य परवाना 'स्वदेशी' म्हणून याच कंपनीला पूर्वी दिला गेला असता. मग कंपनीबरोबर तो परवानाही सेऊलला गेला असता आणि येथील दुसऱ्या कोणत्याही भारतीय कंपनीला भारताच्या कर्णधाराचे नाव घेण्यासाठी तेथे अर्ज करावा लागला असता. कंपनीचे भाग बाजारात विकले जातात; तिचे नागरिकत्व कायमचे नसते. कुलपाची किल्ली स्वदेशी हातात दिली, तरी ती तेथेच राहील याची शाश्वती कोण देणार?

दत्तोपंत ठेंगडी यांचा जन्म विदर्भातलाच, वर्धा जिल्ह्यातील आर्वीचा. स्वदेशी जागरण मंचाची स्थापनाही १९९१ मध्ये नागपुरात झाली. ठेंगडींच्या आणि त्यापूर्वी पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या अर्थचिंतनात स्वदेशी म्हणजे केवळ परक्या मालावरील बहिष्कार नव्हता. विकेंद्रीकरण हा त्याचा कणा होता. सारी आर्थिक सत्ता शासनाच्या मुठीत नको, तशी ती मूठभर भांडवलदारांच्याही मुठीत नको, ही ती भूमिका. मक्तेदाराचे आडनाव आपल्या ओळखीचे आहे, एवढ्याने ती मक्तेदारी विकेंद्रित होत नाही. हा निकष कापडाला, बियाण्याला लावायचा आणि संगणकीय खेळाला लावायचा नाही, हे सुसंगत ठरणार नाही.

'भारत' या नावाचा मुद्दा तर याहून मोठा आहे. झी टेलिफिल्म्सच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे म्हटले की, क्रिकेट मंडळ हे घटनेच्या बाराव्या अनुच्छेदाच्या अर्थाने राज्यसंस्था नाही. ठीक आहे. परंतु मंडळाचा संघ मंडळाच्या नावाने खेळत नाही. तो भारताच्या नावाने खेळतो आणि त्याच्यासाठी राष्ट्रगीत वाजते. ज्या नावाला ही प्रतिष्ठा कोट्यवधी लोकांच्या श्रद्धेने मिळाली, त्या नावाचा खासगी मालमत्तेप्रमाणे एकाच्या पदरी मक्ता देणे हे कायद्याच्या चौकटीत बसेलही कदाचित, औचित्यात बसत नाही.

अनन्य परवान्याच्या बाजूनेही काही म्हणणे आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. दर्जेदार खेळ बनवण्यास वर्षे लागतात, शेकडो माणसे लागतात. गुंतवणुकीची हमी नसेल तर कोण पुढे येणार, असे कंपन्या म्हणतात. प्रक्षेपणाच्या बाबतीत हा युक्तिवाद काही अंशी पटतो, कारण एक सामना प्रेक्षक सहसा एकदाच, एकाच वाहिनीवर पाहतो. व्हिडिओ गेमची गोष्ट वेगळी. दोन कंपन्यांनी एकाच संघावर दोन खेळ काढले तर एकाने दुसऱ्याचे काही हिरावले असे होत नाही. ज्याचा खेळ सरस, तो खपेल. शिवाय आज या क्षेत्रात टिकलेल्या भारतीय कंपन्या कोणत्याही मक्त्याच्या हमीशिवायच उभ्या राहिल्या आहेत. अर्थात परवाना सर्वांना खुला केला की स्पर्धा आपोआप बहरते, असेही नाही. 'क्रिकेट ०७' नंतर ईएला कोणी कुलूप लावून बाहेर ठेवले नव्हते, तरीही ती परतली नाही. दार उघडे ठेवले म्हणजे पाहुणे येतातच असे नाही. पण बंद दारातून तर कोणीच येत नाही.

या साऱ्यात ज्याचे नाव विकले जाते, तो खेळाडू कोठे असतो? अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना ईएच्या खेळात वर्षानुवर्षे एक दमडीही मिळत नव्हती. नाव दिले जात नसे, पण पोशाखावरचा क्रमांक, उंची, वर्ण, केसांची ठेवण सारे त्यांचेच असे. त्यांनी दावे केले. ईए आणि तिच्या परवाना संस्थेला ४ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. २०१३ नंतर ती मालिकाच थांबली. २०२४ मध्ये ती परतली, तेव्हा सहभागी होणाऱ्या प्रत्येक खेळाडूला किमान ६०० डॉलर देऊनच. आपल्याकडे २००२ मध्ये आयसीसीच्या जाहिरातविषयक अटींवरून गांगुली, तेंडुलकर, द्रविड, कुंबळे यांच्यासारख्या अग्रगण्य खेळाडूंनी करारावर सही करण्यास खळखळ केली होती; वाचकांना ते प्रकरण स्मरत असेल. त्यानंतरही सक्रिय भारतीय खेळाडूंची प्रभावी संघटना उभी राहिली नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन ही निवृत्त खेळाडूंची आहे. इतर देशांच्या खेळाडू संघटना एकत्रितपणे परवान्याची बोलणी करतात, त्यात भारतीय खेळाडू नसतात. कोहली किंवा रोहित शर्मा यांना संघटनेची गरज भासणार नाही. ती रणजी सामन्यात विदर्भाकडून खेळणाऱ्या, एखाद्या हंगामापुरता आयपीएलच्या यादीत चमकून गेलेल्या पोराला आहे. १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापणाऱ्या ठेंगडींनी राष्ट्रहित, उद्योगहित आणि श्रमिकहित एकत्र नांदू शकतात, ही मांडणी केली. मैदानावरचा खेळाडूही श्रम विकतो, हे आपल्या चळवळीच्या ध्यानात अद्याप पुरेसे आलेले नाही.

करण्यासारखी गोष्ट फार गुंतागुंतीची नाही. मंडळाने आणि आयपीएलच्या संघमालकांनी परवाना द्यावा, पण तो ठरलेल्या दराने आणि जाहीर अटींवर, अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला द्यावा. मोठ्या कंपनीकडून उत्पन्नाचा हिस्सा घ्यावा. छत्रपती संभाजीनगर किंवा अमरावतीच्या एखाद्या खोलीत चार तरुणांनी चालवलेल्या उद्योगाकडून प्रारंभी नाममात्र रक्कम घेऊन विक्री वाढेल तशी वाढवावी. त्यातील निश्चित वाटा खेळाडूंना थेट मिळावा. संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा करून पैसे लावून खेळायच्या खेळांना मज्जाव केला आणि ई-स्पर्धा व करमणुकीचे खेळ यांना प्रोत्साहन देण्याचे धोरण स्वीकारले. असंख्य घरे ज्या पैजांनी पोखरली, त्यांना आळा बसला हे योग्यच झाले. त्या पैजा बंद झाल्यावर मुलांच्या हाती काय येणार, हे ज्या परवान्यांवर ठरेल, त्यांच्या अटींकडेही शासनाने आणि स्पर्धा आयोगाने करार होण्यापूर्वीच लक्ष घालावे. करारानंतरचा लढा किती वर्षे चालतो, ते ५२ कोटींच्या दंडाच्या प्रकरणात दिसलेच आहे.

क्रिकेटच्या बाबतीत हितसंबंध फार घट्ट झाले आहेत. आपल्या मातीतल्या खेळांचे तसे नाही. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि शाखेच्या मैदानावरचा खेळ शहरी दिवाणखान्यांत पोहोचला. तेथेही २०१९ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत दुसरी लीग भरली, तेव्हा मान्यता कोणाची आणि बंदी कोणावर, हा वाद कबड्डीला चुकला नाही. खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्लीत झाली. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंच्या नेतृत्वाखाली भारताने दोन्ही गटांत विजेतेपद मिळवले. खांबाला वळसा घालून सूर मारणारी प्रियंका इंगळे पडद्यावर उतरवणे हे कोणत्याही संगणक अभियंत्याला आव्हान वाटावे असे काम आहे. या दोन्ही खेळांच्या संघटकांत आपल्या परिचयाचे, आपल्या पठडीत वाढलेले अनेक कार्यकर्ते आहेत. एखादी कंपनी या खेळांच्या नावांसाठी कराराचा मसुदा घेऊन त्यांच्या दारी येईल, तेव्हा रकमेचा आकडा पाहण्याआधी त्यांनी 'अनन्य' हा शब्द कोणत्या कलमात दडला आहे, ते शोधावे आणि तेवढा तो खोडून मग सही करावी.